पापळचे भाऊसाहेब आणि आमच्या घरचा प्रश्न

ऑगस्टमधल्या एका बुधवारी ब्रिस्बेनला शेतीच्या जत्रेसाठी सार्वजनिक सुट्टी असते. पहिल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं तेव्हा थट्टाच वाटली होती. पण खरंच, त्या दिवशी बँकेतली, दवाखान्यातली, आमच्यासारखी आयटीतली माणसं पोराबाळांना घेऊन गाई, मेंढ्या, घोडे आणि हे एवढाले भोपळे बघायला जातात. या जत्रेला इथले लोक लाडानं एक्का म्हणतात. १८७६ पासून ती भरते आहे.

यंदा मी मुलीला घेऊन गेलो होतो. एका रिंगणात शाळेच्या गणवेशातली तेरा-चौदा वर्षांची मुलंमुली आपापला गोऱ्हा दोरीला धरून फिरवत होती. जनावर अंगानं त्यांच्या चौपट, पण हलकासा झटका दिला की थांबत होतं. या मुलांनी कित्येक महिने त्या गोऱ्ह्याला वाढवलेलं असतं. काय खाऊ घातलं, वजन किती वाढलं, खर्च किती आला, सगळं लिहून ठेवायचं असतं. परीक्षक येऊन जनावर बघतो आणि पोरांनाही प्रश्न विचारतो. इथे १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून शाळकरी मुलांसाठी शेतकरी क्लब निघाले, त्याचंच हे पुढचं रूप म्हणायला हरकत नाही.

मुलीनं विचारलं, बाबा, तुझ्या लहानपणी असं होतं का? मी म्हटलं, होतं ना. आमच्याकडे विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडाचे चाकं लावलेले बैल सजवून आणतात, मोठी माणसं बघतात, बक्षीस देतात. ती म्हणाली, लाकडाचे का? खरे का नाही? मला पटकन उत्तर सुचलं नाही.

संध्याकाळी गावाहून दादाचा फोन आला. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. जमीन काळीभोर, पण विहिरीचं पाणी खारट. दादा आणि बाबा मिळून नऊ एकर वावर करतात. दादाचा मुलगा यंदा बारावी झाला. मार्क चांगले आहेत, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला सहज लागेल. आणि तो म्हणतो, मला बी.एस्सी. ॲग्री करायचं, अकोल्याला. तेही नोकरीच्या परीक्षेसाठी नाही, शेतीच करायची म्हणून. घरात आठ दिवस अबोला. दादाचं म्हणणं एवढंच की तू त्याला समजावून सांग, तुझं ऐकेल, तू तिकडे आहेस.

मी सांगतो म्हणालो. मग बसलो काय सांगायचं ते लिहायला, आणि अडकलो. कारण ज्या विद्यापीठात जायला मी त्याला मनाई करणार होतो, त्याला ज्यांचं नाव आहे त्यांच्याच संस्थेच्या शाळेत मी शिकलो. त्यांचा फोटो आमच्या वर्गात फळ्याच्या वर होता. २७ डिसेंबरला जयंतीचं भाषण मी तीन वर्षं ठोकलं होतं. पण डॉ. पंजाबराव देशमुख हा माणूस नेमका कसा जगला, याचा विचार मी सदतिसाव्या वर्षी, दहा हजार किलोमीटरवर बसून पहिल्यांदा केला. तो तुमच्यासमोर मांडतो. बाहेरगावी राहणाऱ्या बऱ्याच घरांत हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा. वडील शामराव, आई राधाबाई. घर शेतकऱ्याचं. गावातली शाळा चार बुकांपर्यंतही पोचत नव्हती, त्यामुळे पुढच्या शिक्षणासाठी पोरगा चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती असा गाव बदलत गेला. तिथून पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात. आणि १९२०मध्ये थेट विलायतेला. त्यासाठी घरच्या शेतीवर कर्ज झालं. आपल्यापैकी ज्यांच्या वडिलांनी एज्युकेशन लोनसाठी सात-बारा बँकेत ठेवला, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शंभर वर्षांत फक्त कागद बदलला.

तिकडे हा वऱ्हाडी मुलगा काय शिकला? एडिंबराला एम.ए. केलं, संस्कृतच्या संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळवली, ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतली आणि बॅरिस्टरही झाला. डॉक्टरेटचा विषय होता वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास. कुणब्याच्या पोरानं वेदांवर ऑक्सफर्डला प्रबंध लिहायचा, ही त्या काळात काय गोष्ट असेल! १९३३मध्ये तो प्रबंध ऑक्सफर्डनंच पुस्तकरूपानं छापला. म्हणजे त्यांना इंग्लंडात किंवा इथल्या एखाद्या मोठ्या कॉलेजात मानाची खुर्ची मिळणं अवघड नव्हतं. मुंबईत वकिली केली असती तर पैसाही मिळाला असता.

१९२६मध्ये ते परत आले आणि अमरावतीत राहिले.

माझ्यासारख्याला इथेच पहिला धक्का बसतो. कारण परत येणं म्हटलं की आपल्या डोक्यात पुण्या-बंगळुरूचा फ्लॅट असतो. हा माणूस जिथून निघाला होता जवळजवळ तिथेच उतरला. आणि उतरल्यावर केलेलं पहिलं मोठं काम म्हणजे खेड्यातून येणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह. अमरावतीचं श्रद्धानंद छात्रालय त्यांनी काढलं, सगळ्या जातींच्या मुलांसाठी. एका ताटात जेवायचं, एका खोलीत झोपायचं. त्यांनी स्वतः राहायला जागा नसल्यामुळे गावं बदलली होती. शेतकऱ्याच्या पोराची शाळा फीमुळे सुटते त्याहून जास्त वेळा मुक्कामामुळे सुटते, हे त्यांना ठाऊक होतं. मला स्वतःला दर्यापूरहून अमरावतीला आल्यावर वसतिगृहाची कॉट मिळाली नसती, तर आज मी हे टाइप करत बसलो नसतो.

१९२७ हे त्यांच्या आयुष्यातलं फार धावपळीचं वर्ष. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह उभा राहिला, त्यात ते पुढे होते. त्याच आंदोलनाच्या परिषदेला नोव्हेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष म्हणून अमरावतीला आले होते. वेदांवर डॉक्टरेट मिळवलेला माणूस देवळाच्या दारात उभा राहून इतरांसाठी दार उघडा म्हणतो, याचं वजन वेगळं असणार. त्याच वर्षी त्यांनी शेतकऱ्यांचा संघ काढला आणि विमलाबाई वैद्य यांच्याशी जातीबाहेर लग्न केलं. विमलाबाई पुढे स्वतः राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

मग ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करायच्या, प्राथमिक शिक्षण वाढवायचं, असं काम हाती घेतलं. शिक्षणासाठी पैसा हवा म्हणून करही वाढवला. आजच्या कुठल्या पुढाऱ्याला हे सुचेल का, सांगा. १९३०मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही दोन्ही खाती त्यांच्याकडे होती. ते दिवस मंदीचे. कापसाचा भाव कोसळलेला, सावकाराचं व्याज चढलेलं. १९३३मध्ये त्या प्रांतात कर्ज लवादाचा कायदा झाला. शेतकरी आणि सावकार यांना मंडळासमोर बसवून कर्जाची रक्कम आणि हप्ते ठरवून द्यायचे, अशी त्याची साधी कल्पना होती. वऱ्हाडात तो कायदा आजही भाऊसाहेबांच्या नावानं ओळखतात. त्याच वर्षी त्यांनी मंत्रिपद सोडलं.

त्याआधी, १९३२मध्ये, श्री शिवाजी शिक्षण संस्था सुरू झाली होती. तिच्या शाळा तालुक्याच्या गावांत आणि मोठ्या खेड्यांत निघाल्या, पुढे कॉलेजं निघाली, त्यात शेतीचंही आलं. आमच्या भागात आज पन्नाशीच्या पुढचा कुणीही शिकलेला माणूस विचारा. तो किंवा त्याचा मास्तर कुठेतरी या संस्थेला जोडलेला निघतो. माझे बाबा दहावीपर्यंत तिथेच शिकले. दादा तिथेच. मी तिथेच.

इथवरची गोष्ट मला शाळेपासून पाठ होती. पुढची नीट माहीत नव्हती. शाळेत आम्हाला शिक्षणमहर्षी जास्त शिकवले, कृषिमहर्षी कमी. आणि मला वाटतं माझ्या घरच्या प्रश्नाचं उत्तर त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी ते घटना समितीत होते. मागासवर्गीयांच्या आणि शेतकऱ्यांच्या बाजूनं तिथे सतत बोलत राहिले. १९५२च्या पहिल्या निवडणुकीत अमरावतीतून लोकसभेवर गेले आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळात कृषिमंत्री झाले. १९६२पर्यंत, दहा वर्षं, ते कृषी खात्यात होते.

ती दहा वर्षं सोपी नव्हती. देशात धान्य पुरत नव्हतं. १९५६नंतर अमेरिकेहून गहू जहाजांनी येऊ लागला. अन्न खातं बहुतेक काळ दुसऱ्यांकडे, पैसा धरणांना आणि कारखान्यांना जास्त. त्यांच्या कारकिर्दीत देश धान्यात स्वयंपूर्ण झाला असं कुणी म्हणू शकणार नाही. तो दिवस ते गेल्यानंतर आला. पण त्यांनी काय धरून ठेवलं ते बघण्यासारखं आहे. शेतकऱ्याला नवी गोष्ट कळली पाहिजे आणि ती त्याच्या स्वतःच्या वावरात करून बघता आली पाहिजे, हे त्यांनी सोडलं नाही.

१९५३मध्ये जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम निघाली. तिच्यात कुठलंही महागडं यंत्र नव्हतं. बी मिठाच्या पाण्यात टाकायचं, तरंगणारं पोचट बी काढून टाकायचं. रोपं उंच वाफ्यावर वाढवायची. बी कमी वापरायचं. लावणी दोरी धरून ओळीत करायची म्हणजे मधून कोळपणी करता येते. खत मोजून द्यायचं. आता ओळीत लावणी ही आपल्याला सांगायची गोष्ट वाटत नाही. पण तेव्हा बापजाद्यांच्या हाताला बसलेली सवय बदलायची होती, आणि ती सवय साठीतल्या माणसापेक्षा विशीतला लवकर बदलतो. त्याच सुमाराला, २ ऑक्टोबर १९५२ला, सामूहिक विकासाचा कार्यक्रम सुरू झाला होता. त्यात खेड्यातल्या तरुणांची मंडळं काढण्याचा भाग होता. अमेरिकेतल्या फोर-एच क्लबांची कल्पना त्यामागे होती, म्हणजे मुलानं एक वाफा, एक वासरू किंवा दहा कोंबड्या स्वतः सांभाळायच्या आणि हिशोब ठेवायचा. एक्कामधल्या त्या रिंगणात मी बघितलं तेच. ही मंडळं आपल्याकडे काही गावांत टिकली, बऱ्याच गावांत बोर्डावरच राहिली. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या युवक मंडळाचं काम म्हणजे गणपतीची वर्गणी.

१९५५मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. मंत्री असताना शेतकऱ्यांची देशभराची संघटना काढायची, म्हणजे उद्या ती आपल्याच सरकारपुढे येऊन उभी राहणार. तरी काढली. आणि मग आली त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी जत्रा. ११ डिसेंबर १९५९ला दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन सुरू झालं. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्या दिवशी हजर होते. ऐन शीतयुद्धाच्या काळात अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकाच मैदानावर आपापली शेती मांडून बसले होते. धान्याला महाग असलेल्या देशानं एवढा थाट करावा का, असं आज आपल्याही मनात येतं. पण एक्काची सुट्टी अनुभवल्यावर मला त्यामागचं थोडं कळतं. जिथे शेतीची जत्रा शहराच्या मधोमध भरते आणि तिला देशाचे प्रमुख येतात, तिथे शेतकऱ्याच्या पोराला आपण मागे राहिलो असं वाटायचं कारण उरत नाही.

त्यांच्या काळातच, १९६०मध्ये, पंतनगरला देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ सुरू झालं. शिकवणं, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत जाणं ही तिन्ही कामं एकाच संस्थेनं करायची, ही त्याची कल्पना. विदर्भात असं विद्यापीठ त्यांना बघायला मिळालं नाही. १० एप्रिल १९६५ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. महाराष्ट्राचं कृषी विद्यापीठ कुठे व्हावं यावरून १९६७मध्ये विदर्भात आंदोलन पेटलं, गोळीबारात माणसं गेली. विद्यापीठासाठी, तेही शेतीच्या, लोकांनी जीव दिला हे आज कुणाला खरं वाटेल? राहुरीचं विद्यापीठ १९६८मध्ये झालं आणि २० ऑक्टोबर १९६९ला अकोल्याचं. त्याला नाव भाऊसाहेबांचंच मिळालं.

मी हे सगळं वाचून, आठवून ठेवलं आणि एका रविवारी गाडी काढून पश्चिमेकडे निघालो. ब्रिस्बेनहून टुवुंबाच्या रस्त्यावर गॅटन लागतं. तिथलं कृषी कॉलेज १८९७चं, आता क्वीन्सलंड विद्यापीठाचा भाग आहे. त्याच्या पुढे घाट चढून गेलं की डार्लिंग डाउन्सचं पठार सुरू होतं, आणि तिथे गेलेला वऱ्हाडी माणूस गाडी थांबवतोच. काळी जमीन. आपलीच काळी जमीन. कापूस वेचून झालेली रिकामी वावरं, त्यांना पडलेल्या भेगा, आणि शेजारी हरभरा उभा. हिवाळ्याचं ऊन सोडलं तर थेट दर्यापूर.

तिथे उभा राहून मी स्वतःशी हिशोब केला. भाऊसाहेबांच्या शाळेनं आम्हाला दोन दारं उघडून दिली होती. एक वावरातून बाहेर जायचं, एक शिकून वावरात परत यायचं. माझ्या पिढीनं पहिल्या दारातून जी रांग लावली ती आजतागायत आहे. मला त्याची लाज वाटत नाही. माझ्या पगारातून घरचं कर्ज फिटलं, आईचं ऑपरेशन झालं. पण दुसऱ्या दारातून कुणी जायला निघालं की आपण सगळे मिळून त्याला अडवतो. शेतीच्या पदवीलाही आपण स्पर्धा परीक्षेची पायरी करून टाकलं. सरकारनं भाऊसाहेबांच्या नावानं व्याज सवलत योजना काढली, वसतिगृह भत्ता काढला, कृषिरत्न पुरस्कार ठेवला. आणि त्यांच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरात पोरगं शेती करतो म्हणालं की अबोला धरला जातो.

अर्थात दादाचं चुकत नाही. त्यानं सलग तीन वर्षं बोंडअळी बघितली आहे. भाव पडताना बघितला आहे. ऑस्ट्रेलियात बसून दुसऱ्याच्या मुलाला शेती कर म्हणणं सोपं आहे, हे मला कळतं. भाऊसाहेबांचा दाखलाही त्याला पुरणारा नाही. तेही शेवटी बॅरिस्टर झाले, मंत्री झाले, स्वतः वखर धरून संसार चालवला नाही.

म्हणून पुतण्याशी फोनवर बोललो तेव्हा मी त्याला काही समजावलं नाही. आधी विचारलं, तुला नेमकं काय करायचं आहे? तो तासभर बोलत होता. खारपाणपट्ट्यात जमिनीत क्षार कसा साचतो, शेततळ्याचं गोडं पाणी ठिबकनं दिलं तर हरभरा किती निघेल, अकोल्याच्या विद्यापीठाच्या शिवार फेरीत त्यानं कुठले वाण बघितले. तो दोनदा जाऊन आला होता, घरी न सांगता. मग त्यानं मला विचारलं, काका, तिकडच्या काळ्या जमिनीत कापसाच्या दोन ओळींत अंतर किती ठेवतात? मी त्या वावराच्या बांधावर उभं राहून आलो होतो, पण मला सांगता येईना. मला ते बघायचं सुचलंच नव्हतं.

रात्री दादाला फोन केला. म्हटलं, त्याला जाऊ दे. पहिल्या चार वर्षांचा वसतिगृहाचा खर्च माझ्याकडे. आणि नंतर शेततळं खोदायचं ठरलं तर अर्धा वाटा माझा, पण बुडाला तर त्याला बोलायचं नाही, मलाही नाही. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बाबांना तूच सांग. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, खारं पाणी हाय बापा, पाहू.

प्रवेशफेरीत त्यानं अकोला पहिल्या नंबरला टाकलं आहे. निकाल यायचा आहे. परवा त्याचा मेसेज आला, तिथल्या भेगांचा फोटो पाठवा, बाजूला फूटपट्टी ठेवून, खोली कळली पाहिजे. येत्या रविवारी मुलीला घेऊन पुन्हा घाट चढणार आहे. तिच्या कंपासपेटीतली पट्टी पंधरा सेंटिमीटरची आहे, ती पुरणार नाही. मोठी आणावी लागेल.